तीनशे ओळींचं फंक्शन, रिफॅक्टर मेनू आणि टूलने दिलेला नकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. जावात लिहिलेलं, ऑर्डरची अंतिम किंमत ठरवणारं सुमारे तीनशे ओळींचं एक फंक्शन आहे. त्याला टेस्ट जवळपास नाहीत. सवलतीचा किंवा कराचा कुठलाही नियम बदलला की त्यातच हात घालावा लागतो. प्रश्नकर्त्याने मधला एक तुकडा निवडून 'एक्स्ट्रॅक्ट मेथड' (तुकडा वेगळ्या मेथडमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या स्वतंत्र फंक्शनमध्ये, काढणं) करून पाहिलं, तर आयडीईने, म्हणजे कोड लिहिण्याच्या एडिटर-टूलने, नकार दिला. एक सहकारी म्हणतो, या टूल्सच्या भरवशावर राहू नका, हातानेच करा. दुसरा म्हणतो, अख्खं फंक्शन एआय सहायकाला द्या आणि नव्याने लिहून घ्या. मग करायचं काय?

माझं मत आधीच सांगतो. टूल वापरा, आणि नकार मिळाला म्हणून ते बाजूला ठेवू नका. नकार देताना त्याने जो संदेश दाखवला, तो सावकाश वाचा. फंक्शन नेमकं कुठे गुंतलं आहे, हे त्या एका ओळीत लिहिलेलं असतं. तो गुंता सोडवण्याची बरीचशी पावलंही त्याच मेनूत असतात, फक्त 'एक्स्ट्रॅक्ट मेथड'च्या आधी घ्यायची असतात.

आधी भरवशाचं बोलू, कारण त्यावर बाकी सगळं उभं आहे. रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रॅमचं वागणं तसंच ठेवून कोडची रचना बदलणं. हे काम टूलकडे सोपवता येतं याचा पाया विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठातल्या आपल्या पीएचडी प्रबंधात घातला. त्यांनी प्रत्येक बदलाला पूर्वअटी जोडल्या. नवं नाव त्या स्कोपमध्ये (नाव जिथवर चालतं त्या भागात) आधीपासून नको, एखादी मेथड उपवर्गात ओव्हरराइड झालेली, म्हणजे नव्याने लिहिलेली नको, अशा अटी पाळल्या गेल्या तरच तो बदल सुरक्षित मानायचा. त्याच विद्यापीठात जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी रिफॅक्टरिंग ब्राउझर तयार केला. पुढे २००१ पासून इंटेलिजे आयडिया आणि एक्लिप्स या आयडीईंमुळे ही सोय जावावाल्यांच्या रोजच्या कामात आली.

म्हणजे मेनूतून नाव बदलताना टूल अक्षरं शोधत बसत नाही. ते कोडचं सिंटॅक्स ट्री, म्हणजे व्याकरणाप्रमाणे रचनेचं झाड, बनवतं, कुठलं नाव कुठल्या घोषणेला बांधलेलं आहे ते ठरवतं, पूर्वअटी तपासतं आणि मगच बदल करतं. 'रक्कम' नावाची तीन वेगळी व्हेरिएबल्स तीन स्कोपमध्ये असतील, तर त्यातलं एकच बदलतं. हाताने हे करताना माणूस शेवटच्या पंधरा ठिकाणांपर्यंत पोचतो तेव्हा त्याचं लक्ष उडालेलं असतं. तरीही लोक हातानेच करतात. इमर्सन मर्फी-हिल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळपास ९० टक्के रिफॅक्टरिंग टूलशिवाय केलेलं आढळलं होतं. हाताने करा म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला सोबत भरपूर आहे. पण त्याची भीती पूर्ण निराधार नाही. टूलला न दिसणाऱ्या जागा असतात, त्यांच्याकडे पुढे येतो.

पहिलं काम: फंक्शन आज काय करतं ते पकडून ठेवा. ते बरोबर आहे का, हा प्रश्न आत्ता विचारू नका. वेगवेगळ्या ऑर्डर द्या, येणारी किंमत नोंदवा आणि तीच टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर म्हणून लिहा. जुन्या कोडवर काम करण्याबद्दल लिहिणारे मायकेल फेदर्स अशा टेस्टना कॅरॅक्टरायझेशन टेस्ट म्हणतात. कव्हरेज (टेस्टमध्ये कुठल्या ओळी चालल्या याची नोंद) चालू करून बघा, कुठल्या फांदीत एकही ऑर्डर शिरली नाही ते दिसेल. त्या फांदीत शिरणारी ऑर्डर मुद्दाम बनवा. एखादी किंमत चुकीची वाटली, तरी ती तशीच नोंदवा आणि वेगळी टिपून ठेवा. बग दुरुस्त करणं आणि रचना बदलणं ही दोन कामं एकाच वेळी केलीत, तर टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाल्यावर कारण कुठलं ते कळणार नाही.

इथे एक अडचण हमखास येते. फंक्शनच्या पोटात कुठेतरी आजची तारीख मागितलेली असते, सणाची सवलत चालू आहे का ते पाहायला. मग टेस्ट आज हिरवी आणि पुढच्या महिन्यात लाल. यावर 'इंट्रोड्यूस पॅरामीटर' फार सुंदर उपाय आहे. तारीख मागणारी ती अभिव्यक्ती निवडा आणि इंटेलिजेत कंट्रोल, ऑल्ट, पी दाबा. टूल त्या अभिव्यक्तीचं पॅरामीटर करतं, आणि फंक्शनला बोलावणाऱ्या प्रत्येक जागी जुनीच अभिव्यक्ती आर्ग्युमेंट म्हणून लिहून देतं. बोलावणाऱ्यांच्या दृष्टीने काही बदलत नाही, तुम्हाला मात्र टेस्टमधून हवी ती तारीख देता येते. टेस्ट नसताना केलेला बदल म्हणून घाबरू नका. टेस्ट लिहिता याव्यात म्हणून आधी थोडं रिफॅक्टरिंग करावंच लागतं, आणि नेमकं याच टप्प्यावर टूलची हमी सगळ्यात जास्त कामाची असते.

आता वाचायला सुरुवात करा, आणि वाचताना जे कळेल ते लगेच कोडमध्ये लिहा. 'टेंप' नावाच्या व्हेरिएबलमध्ये कर लावण्याआधीची रक्कम असते हे दहा मिनिटांनी उमगलं, की तिथल्या तिथे नाव बदला. इंटेलिजेत शिफ्ट एफ ६, एक्लिप्समध्ये ऑल्ट शिफ्ट आर, व्हीएस कोडमध्ये एफ २. इफमधली चार अटींची लांब ओळ दिसली, तर तिचा अर्थपूर्ण भाग निवडून 'एक्स्ट्रॅक्ट व्हेरिएबल' करा आणि त्याला 'घाऊकग्राहकआहे' असं काहीतरी बोलकं नाव द्या. या दोन पावलांनी ओळींची संख्या कमी होत नाही, उलट थोडी वाढते, आणि त्याने काही बिघडत नाही. तुमच्या डोक्यात तयार झालेली समज पुढच्या वाचणाऱ्यासाठी फाइलमध्ये उतरते, हा यातला फायदा.

'एक्स्ट्रॅक्ट व्हेरिएबल' दिसतं निरुपद्रवी, पण दोन ठिकाणी जपायला हवं. तीच अभिव्यक्ती फंक्शनमध्ये अनेकदा आली असेल, तर टूल विचारतं की सगळ्या जागा बदलू का. ती अभिव्यक्ती प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देणारी असेल, म्हणजे इटरेटरला पुढचा घटक मागणारी किंवा आत काही नोंद बदलणारी, तर सगळ्या जागा एका व्हेरिएबलवर आणल्यावर वागणं बदलतं. दुसरं ठिकाण शॉर्ट-सर्किटचं, म्हणजे पहिला भाग खोटा ठरला की दुसरा मोजलाच न जाण्याचं. 'ग्राहक नल (रिकामा) नाही आणि ग्राहकाचे गुण शंभरहून जास्त' अशी अट आहे, आणि तुम्ही दुसरा अर्धा भाग निवडून व्हेरिएबल केलं. आता तो भाग इफच्या आधीच मोजला जातो. ग्राहक नल असेल तर तिथेच अपवाद फेकला जाईल. सगळी टूल्स इथे इशारा देतीलच असं धरून चालू नका. अशा वेळी व्हेरिएबलऐवजी मेथड काढा, म्हणजे मोजणी जिथल्या तिथे राहते.

आता मूळ नकाराकडे. 'एक्स्ट्रॅक्ट मेथड' करताना टूल तीन गोष्टी शोधतं. निवडलेल्या तुकड्यात बाहेरची कुठली व्हेरिएबल्स वाचली जातात? ती पॅरामीटर होतात. तुकड्यात कुठल्या व्हेरिएबल्सना नवी किंमत (व्हॅल्यू) मिळते आणि ती पुढे वापरली जाते? ती परत द्यावी लागते. तुकड्यातून बाहेर उडी मारणारे रिटर्न, ब्रेक, कंटिन्यू आहेत का? जावात मेथडला एकच किंमत परत देता येते. म्हणून तुकडा 'सवलत' आणि 'कर' दोन्ही बदलत असेल आणि दोन्ही पुढे लागत असतील, तर एक्लिप्स सांगतं की परत द्यायची किंमत संदिग्ध आहे. इंटेलिजेच्या नव्या आवृत्त्या अशा वेळी दोन्ही किंमती एका छोट्या क्लासमध्ये बांधून द्यायची तयारी दाखवतात. सी शार्पमध्ये आउट पॅरामीटर वापरता येतात, पायथॉनमध्ये टपल परत देता येतो, त्यामुळे तिथे नकार कमी वेळा मिळतो.

माझ्या मते जावाचा हा नकार उपकारक आहे. एकाच तुकड्यातून दोन निष्कर्ष बाहेर पडतायत, म्हणजे तिथे दोन कामं एकमेकांत विणली गेली आहेत. छोटा क्लास बनवून घेतला तर तुकडा बाहेर जाईल, पण वीण तशीच राहील. आधी ती उसवा. उसवण्याचे मार्ग कारणाप्रमाणे वेगळे आहेत.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एकच व्हेरिएबल दोन कामांसाठी वापरणं. 'रक्कम' आधी वस्तूंची बेरीज असते, नंतर सवलतीनंतरची रक्कम होते, शेवटी करासहित. अशा व्हेरिएबलच्या घोषणेला फायनल (पुन्हा नियुक्ती नको असं सांगणारा शब्द) लावा. कंपाइलर लगेच प्रत्येक पुनर्नियुक्तीवर लाल रेघ ओढतो. पहिल्या लाल रेघेपाशी नवं व्हेरिएबल घोषित करा, त्याला त्या टप्प्याचं खरं नाव द्या, आणि तिथून पुढचे वापर नव्या नावावर आणा. मग पुढची लाल रेघ. फांद्यांच्या आत आणि लूपमध्ये नियुक्ती होत असेल तर हे थोडं किचकट होतं, तिथे हाताने काम करावं लागतं आणि टेस्ट वारंवार चालवावी लागते. पण सरळ जाणाऱ्या कोडमध्ये कंपाइलर तुम्हाला हात धरून नेतो.

दुसरं कारण लांबवरच्या घोषणा. फंक्शनच्या सुरुवातीला दहा व्हेरिएबल्स शून्य किंवा नल करून ठेवलेली असतात, आणि त्यातलं सातवं दोनशेव्या ओळीवर पहिल्यांदा वापरलं जातं. इंटेलिजेत अशा घोषणेवर ऑल्ट एंटर दाबलं की ती वापराच्या जवळ नेण्याचा किंवा स्कोप लहान करण्याचा पर्याय बऱ्याचदा मिळतो. हे करत गेलात की फंक्शनमध्ये आपोआप गट दिसू लागतात: या पंधरा ओळी सवलतीच्या, या वीस कराच्या. जोड कुठे आहेत ते डोळ्यांना कळतं.

गट अजून पूर्ण वेगळे नसतील तर ओळी वरखाली सरकवाव्या लागतात. आयडीईत कीबोर्डने ओळ सरकवण्याची सोय आहे, पण तिला रिफॅक्टरिंग समजू नका. टूल तिथे कुठलीही पूर्वअट तपासत नाही. जी ओळ ओलांडली तिच्यात तुमच्या ओळीने वाचलेलं काही बदलत होतं का, किंवा दोन्ही ओळी डेटाबेसमध्ये किंवा फाइलमध्ये लिहीत होत्या का, हे तुम्हीच पाहायचं. एक ओळ सरकवली की टेस्ट चालवायची.

तिसरं कारण लूप. एकाच लूपमध्ये बेरीज होते, सर्वांत महाग वस्तू शोधली जाते आणि करपात्र वस्तूंची यादीही बनते. साहजिकच तीन किंमती बाहेर पडतात. लूपच्या तीन प्रती करा, प्रत्येकीत एकच काम ठेवा, आता प्रत्येक लूप एका किंमतीची मेथड होऊन निमूट बाहेर निघतो. तीनदा फिरल्याने कार्यक्रम मंदावेल ही शंका लगेच येते. ऑर्डरमध्ये काही डझन वस्तू असतात तिथे हा खर्च मोजण्यात येणारही नाही. लूपच्या आत डेटाबेसला किंवा नेटवर्कला हाक असेल तर मात्र प्रती करू नका. आधी ती माहिती एकदाच आणून यादीत ठेवा, मग त्या यादीवर लूप चालवा.

आणि चौथं, मधूनच निघणारे रिटर्न. उलट दिशेने इथे एक फायद्याची गोष्टही आहे. चार पातळ्या खोल गेलेल्या इफमध्ये 'इन्व्हर्ट इफ' (अट उलटी करणं) वापरून अपवादात्मक प्रकरणं सुरुवातीलाच निकालात काढता येतात: ऑर्डर रिकामी असेल तर शून्य देऊन परत, रद्द झालेली असेल तर परत. उरलेला मुख्य मार्ग डावीकडे सरकतो आणि सरळ वाचता येतो. सुरुवातीच्या या तपासण्या, म्हणजे गार्ड, मूळ फंक्शनच्या डोक्यावर ठेवा आणि त्यांच्या खालचा सलग भाग मेथड म्हणून काढा. निवडलेल्या तुकड्याच्या मध्यात गार्ड राहिला तर टूल पुन्हा अडखळणार. अट उलटताना एकच सूक्ष्म जागा लक्षात असू द्या. दशांश संख्यांमध्ये 'अ हा ब पेक्षा लहान नाही' आणि 'अ हा ब पेक्षा मोठा किंवा समान' या गोष्टी नेहमी सारख्या नसतात. दोन्हीपैकी एक किंमत एनएएन ('संख्या नाही' दाखवणारी खास किंमत) असेल तर पहिलं विधान खरं ठरतं, दुसरं खोटं. अर्थात पैशांची गणितं फ्लोटमध्ये असतील तर तुमच्यापुढे त्याहून मोठा प्रश्न आहे.

एवढं झालं की 'एक्स्ट्रॅक्ट मेथड' नकार द्यायचं थांबेल. पण काढलेल्या मेथडला सात पॅरामीटर लागत असतील, तर तोही एक संदेशच आहे. तुकडा चुकीच्या जागी कापला गेला आहे, किंवा त्यातली चार पॅरामीटर्स कायम एकत्र फिरतात आणि त्यांचा स्वतःचा एक क्लास असायला हवा. कंट्रोल झेड दाबा, दोन ओळी वर किंवा दोन ओळी खाली निवड बदला, पुन्हा करून बघा. टूलने केलेला बदल काही सेकंदांत होतो आणि तितक्याच सेकंदांत मागे घेता येतो. याचा उपयोग शोध घेण्यासाठी करा. कागदावर आराखडा काढण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या ठिकाणी कापून पाहणं मला नेहमी जास्त शिकवून जातं.

याच कारणाने मला 'इनलाइन', म्हणजे मेथडचा आतला कोड तिला बोलावणाऱ्या जागी परत आणणं, फार मोलाचं वाटतं, आणि लोक ते फार कमी वापरतात. कोड सोपा करायचा म्हटलं की सगळे फोडतच सुटतात. तीनशे ओळींच्या फंक्शनच्या आसपास बहुतेक वेळा कोणीतरी आधी अर्धवट केलेली फोडाफोड असते: एका ओळीच्या मेथड, ज्यांचं नाव आणि आतला कोड एकच सांगतात, किंवा एकाच जागी वापरल्या जाणाऱ्या आणि दिशाभूल करणाऱ्या नावाच्या. त्या आधी इनलाइन करा, सगळा मजकूर एका जागी आणा, आणि मग नव्या ठिकाणी कापा. जुन्या सीमा तशाच ठेवून नवी रचना करायला गेलात तर त्या आडव्या येत राहतात.

इनलाइनचा दुसरा उपयोग तर अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसतो. समजा जुनी मेथड पाच सुटे पॅरामीटर घेते, आणि तुम्हाला सगळ्यांना ऑर्डर ऑब्जेक्ट घेणाऱ्या नव्या मेथडवर न्यायचं आहे. बोलावणाऱ्या जागा ऐंशी आहेत. जुन्या मेथडचा आतला सगळा कोड काढून टाका आणि तिला फक्त एवढंच करू द्या: पाच किंमतींपासून ऑर्डर बनवायची आणि नव्या मेथडला हाक मारायची. टेस्ट चालवा. हिरवी आली, की जुन्या मेथडवर 'इनलाइन' करा आणि सगळ्या जागी बदलून मेथड काढून टाकण्याचा पर्याय निवडा. ऐंशीच्या ऐंशी जागा एका फटक्यात नव्या मेथडवर येतात आणि जुनी मेथड नाहीशी होते. म्हणजे तुम्ही स्वतःचं एक नवं रिफॅक्टरिंग घडवलंत, जे मेनूत नव्हतंच. बदल नेमका कसा व्हायला हवा हे जुन्या मेथडच्या शरीरात लिहायचं आणि ते पसरवण्याचं काम इनलाइनला द्यायचं. लायब्ररीची जुनी हाक सोडून नवीवर जाताना, लॉगिंगची पद्धत बदलताना, हेच तंत्र चालतं. फक्त मेथड बाहेरून ओव्हरराइड झालेली नको, आणि तिच्यात मधून निघणारे रिटर्न नकोत, नाहीतर बरीच टूल्स अडतात किंवा ओंगळ कोड बनवतात.

काढलेली मेथड या क्लासमध्येच राहावी का, हे ठरवायलाही टूलची मदत घेता येते. तिला स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणारी) करून बघा. ती क्लासच्या कुठल्याही फील्डला हात लावत नसेल तर टूल निमूट स्टॅटिक करतं. लावत असेल तर ती फील्ड्स पॅरामीटर म्हणून द्यायची का असं विचारतं, आणि त्या यादीत मेथडची लपलेली अवलंबित्वं तुमच्यासमोर येतात. यादीत फक्त करदराचं कोष्टक दिसलं, तर ही मेथड कराच्या क्लासमध्ये शोभेल. 'मूव्ह' करून तिथे पाठवा.

आता टूलला न दिसणाऱ्या जागा, ज्यांमुळे तुमचा सहकारी हात आखडता घेतो. टूलला कोड दिसतो. कोडमधल्या नावांवर कोडबाहेर जे काही उभं असतं, ते त्याला दिसत नाही किंवा अर्धवट दिसतं. जॅक्सनसारखी लायब्ररी गेटरच्या (फील्डची किंमत देणाऱ्या मेथडच्या) नावावरून जेसन या डेटा-स्वरूपातलं नाव ठरवते. गेटरचं नाव बदललं की कंपाइल होतं, युनिट टेस्टही हिरव्या राहू शकतात, आणि तुमच्या एपीआयचं उत्तर वाचणारा मोबाइल अ‍ॅप बंद पडतो. जेपीएमध्ये (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवण्याची जावाची पद्धत) कॉलमचं नाव स्वतंत्र दिलेलं नसेल तर ते फील्डच्या नावावरून येतं. स्प्रिंग डेटा ही लायब्ररी मेथडच्या नावातून डेटाबेसची क्वेरी बनवते. एक्सएमएल कॉन्फिगरेशन, टेम्प्लेट, रिफ्लेक्शन (चालू असताना नावावरून कोड शोधणं), स्ट्रिंगमध्ये लिहिलेला एसक्यूएल, हे सगळं त्याच यादीत. इंटेलिजे यातल्या काही फ्रेमवर्कना ओळखतं, पण त्यावर विसंबू नका. नाव बदलण्याआधी अ‍ॅनोटेशनमध्ये जुनं नाव स्पष्ट लिहून टाका. मग जावामधलं नाव मोकळं होतं आणि बाहेरचा करार जसाच्या तसा राहतो. रीनेमच्या खिडकीत टिप्पण्या आणि स्ट्रिंगमध्येही शोधण्याचा पर्याय असतो. तो चालू केलात तर आधी पूर्वावलोकन उघडा आणि प्रत्येक ओळ पाहा, कारण तिथे टूल खरंच अक्षरं शोधत असतं.

न वापरलेला कोड काढतानाही हाच नियम. आयडीईने मेथडचं नाव राखाडी दाखवलं याचा अर्थ कोडमधून तिला थेट हाक नाही, इतकाच. शेड्यूलर किंवा डिपेंडन्सी इंजेक्शन (लागणारे ऑब्जेक्ट फ्रेमवर्कने पुरवणं) तिला चालवत असेल. 'सेफ डिलीट' (वापर तपासून मगच काढणं) वापरा, आणि वर प्रकल्पभर त्या नावाचा साधा मजकूर-शोधही घ्या.

भाषेनुसार भरवसा बदलतो, हे जावाबाहेर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. पायथॉन किंवा साध्या जावास्क्रिप्टमध्ये एखाद्या ऑब्जेक्टचा टाइप टूलला अंदाजाने काढावा लागतो, म्हणून मेथडचं नाव बदलताना काही जागा सुटतात आणि काही भलत्याच पकडल्या जातात. लोकल व्हेरिएबल आणि फंक्शनच्या आतल्या हालचाली तिथेही बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात. आधी टाइप लिहा किंवा टाइपस्क्रिप्टकडे वळा, मग मोठे बदल करा. व्हीएस कोड वापरत असाल तर लक्षात ठेवा की विश्लेषण एडिटर करत नाही, त्या भाषेचा लँग्वेज सर्व्हर, म्हणजे मागे चालणारा वेगळा प्रोग्रॅम, करतो. एका भाषेत उत्तम चाललेलं रीनेम दुसऱ्या भाषेत तितकंच पक्कं असेल असं नाही.

एआय सहायकाकडे अख्खं फंक्शन देण्याचा सल्ला मी मानणार नाही. माझा त्या साधनांना विरोध नाही, हमीत फरक आहे. रिफॅक्टर मेनूतला बदल पूर्वअटी तपासून होतो. भाषा-मॉडेल तीनशे ओळी नव्याने लिहितं तेव्हा ते जे देतं ते मूळ कोडसारखं दिसणारं लेखन असतं. गोलाई करण्याचा क्रम बदलला, एक विचित्र पण आवश्यक अट 'अनावश्यक' म्हणून गळली, तर तीनशे ओळींच्या फरकात रिव्ह्यू करणाऱ्याला ते दिसणार नाही. त्याला दुसऱ्या प्रश्नांसाठी वापरा: या तुकड्याला काय नाव द्यावं, कुठले गट दिसतात, कुठल्या ऑर्डर टेस्टमधून सुटल्या आहेत. त्याचं उत्तर पटलं तर प्रत्यक्ष बदल आयडीईच्या पावलांनी करा.

कमिटबद्दल, म्हणजे गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) नोंदवायच्या बदलांबद्दल, माझा आग्रह जरा कडक आहे. एक रिफॅक्टरिंग, एक कमिट, आणि संदेशात त्या पावलाचं नाव: 'करमोजणी वेगळ्या मेथडमध्ये काढली', 'सवलत व्हेरिएबल दोन भागांत विभागलं'. वागणं बदलणारी एकही ओळ त्यात नको. रिव्ह्यू करणारा मग अशी कमिट भराभर पाहू शकतो, आणि काही बिघडलंच तर गिट बायसेक्ट (बिघाड आणणारी कमिट शोधणारी आज्ञा) तुम्हाला दहा ओळींच्या बदलापाशी आणून सोडतं. फाइल हलवायची असेल तर त्या कमिटमध्ये आतला मजकूर बदलू नका. फाइल हलली अशी नोंद गिट ठेवत नाही. दोन फाइलींतलं साम्य पाहून ते तसा अंदाज करतं, आणि ठरलेली मर्यादा ५० टक्के साम्याची असते. हलवणं आणि बदलणं एकत्र केलंत की इतिहास तुटू शकतो. संपूर्ण प्रकल्पभर केलेल्या रीनेमने ब्लेम (कुठली ओळ कोणी, कुठल्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी सोय) निरुपयोगी होतं अशी तक्रार असेल, तर गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ठराविक कमिट वगळून ब्लेम पाहता येतं. आणि टीममध्ये प्रत्येकाचा फॉरमॅटर वेगळा असेल तर आधी तो एक करा, नाहीतर एका मेथडच्या बदलाबरोबर चारशे ओळींची मोकळी जागा कमिटमध्ये शिरते. बाकी लोक त्याच फाइलवर काम करत असतील तर या छोट्या कमिट रोजच्या रोज मुख्य शाखेत मिसळा. आठवडाभर बाजूला ठेवलेलं रिफॅक्टरिंग मर्जच्या वेळी फार छळतं.

शेवटचा मुद्दा, कुठे थांबायचं. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी या गुंतागुंतीच्या मापाचा आकडा खाली यावा म्हणून फोडत राहू नका. हे माप थॉमस मकेब यांनी १९७६ मध्ये मांडलं. ते फंक्शनमधल्या स्वतंत्र मार्गांची संख्या सांगतं, वाचायला किती कठीण आहे ते सांगत नाही. तुमच्या फंक्शनमध्ये शेवटी बहुधा ग्राहकाच्या प्रकारानुसार वेगळी सवलत देणारा एक इफ-एल्सचा गट उरेल. त्याच्या जागी क्लासची उतरंड उभी करण्याचा मोह होईल. ते करायला मेनूत एकच तयार पाऊल सापडणार नाही, हाताने बरंच काम करावं लागेल, आणि आज ग्राहकांचे प्रकार तीनच असतील तर तो गट एका बोलक्या नावाच्या मेथडमध्ये व्यवस्थित वाचता येतो. चौथा प्रकार येईल तेव्हा तो कुठल्या नियमांत वेगळा आहे ते कळेल. तोपर्यंत तो गट जसा आहे तसा राहू द्या.